साठ, पंधरा, शून्य

दुकानदार डगने तिसरं चंदेरी पाकीट काउंटरवरून उचललं आणि मागच्या फ्रिजमध्ये परत ठेवून दिलं. प्रणिता रामटेकेला आधी वाटलं, पाकीट फुटलं असेल, तो दुसरं देईल. पण त्याने फ्रिजचं दार लावलं आणि सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या आवाजात तिलाही सांगितलं, की देशभर हॉप्सचा, बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या त्या फुलांचा, तुटवडा आहे आणि या आठवड्यापासून माणशी दोनच औंस. तिच्या हातातल्या कागदावर पाच औंस लिहिले होते. उकळी फुटल्यावर, म्हणजे साठ मिनिटं शिल्लक असताना, अर्धा औंस. पंधरा मिनिटं शिल्लक असताना दीड. शून्यावर, गॅस बंद करताना, एक. उरलेले दोन आठवड्याने, बादलीतली बिअर आंबून शांत झाली की वरून टाकायचे. साठवाले हॉप्स नुसता कडवटपणा देतात, त्यांचा वास तासभराच्या उकळीत उडून जातो. पंधराचे चव देतात. शून्याचे आणि वरून टाकलेले वास देतात, आणि प्रणिताला हवा होता तो वास. वास दांडगा असला की जीभ फसते, आयपीए, म्हणजे ही भरपूर हॉप्सची बिअर, पाणचट असली तरी भरदार लागते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या आठ महिन्यांत, दर शनिवारी ॲन आर्बरच्या या दुकानात येऊन, घरी जाऊन उकळून, तिने ते स्वतः शोधून काढलं होतं. आता दोन औंसांत काय काय झाकता येईल, याचा ती काउंटरशीच उभी राहून विचार करत होती. साठचे रद्द करावेत का? पण मग तळाचा कडवटपणा गेला आणि नुसताच वास उरला, तर ते सरबत होईल आणि नवऱ्याला लगेच कळेल. तिचा चेहरा पाहून डगला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला की साखर तरी मुबलक आहे. तुझा नवरा मंगळवारी घेऊन गेला ती दहा पौंडांची पिशवी पुरेल ना महिनाभर? मागची बरोबर महिनाभर पुरली होती. प्रणिता म्हणाली, पुरेल. माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची, पिशवी आणि दोन पाकिटं तिने कापडी थैलीत टाकली, डगला थँक्यू म्हटलं, आणि दाराशी बुटांचा बर्फ झाडायची काहीच गरज नसताना तिथे उभी राहून पाय आपटत राहिली.

गाडीत बसून तिने हीटर लावला, पण गाडी हलवली नाही. काचेवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते. डगला सगळे इंडियन सारखेच दिसत असतील, तो दुसऱ्या कुणाला तरी तिचा नवरा देवानंद समजला असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मिनिटभर ते टिकलं. पण डग देवानंदला चांगला ओळखत होता, गेल्या उन्हाळ्यात हात भाजला तेव्हा त्याने मलमाचं नावही सांगितलं होतं. मग तिने आकडेमोड केली, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये ती नऊ वर्षं प्रथिनं मोजत होती, हाताला मोजायची सवय होती. बाटल्या भरताना फेस यावा म्हणून एका खेपेला पाच औंस साखर लागते. दहा पौंड म्हणजे बत्तीस खेपा. ती पिशवी महिन्यात संपत होती. आणि ही साखर मागे काहीच ठेवत नाही, ना रंग, ना वास, ना चव. यीस्ट ती सगळीच्या सगळी खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल करतं. पाच गॅलनांच्या बादलीत एक पौंड साखर म्हणजे एक टक्का, किंचित वरच. ती सकाळी साडेआठला निघायची आणि साडेसहाला परत यायची. देवानंद चारला घरी येत असे. बेसमेंटमध्ये तीन बादल्या शेजारी शेजारी आंबत असत आणि त्यांची झाकणं नुसती दाबून बसवलेली होती.

तिला आठवलं, आंबून झाल्यावरचं शेवटचं रीडिंग दर वेळी थोडं खाली यायचं, आणि अल्कोहोल जितकं जास्त तितकं ते खाली येतं. तिच्या हिशेबाने चौदा यायला हवं, तिथे बारा, मग अकरा, गेल्या खेपेला तर नऊ. हायड्रोमीटर, बिअरचा दाटपणा मोजायची ती काचेची नळी, डोळ्यांशी धरून ती मनात म्हणायची, यीस्ट छान काम करतंय. लॅबमध्ये असं रीडिंग आलं असतं तर तिने प्रयोग थांबवून पहिल्यापासून लावला असता, बाटली न् बाटली तपासली असती. इथे तिने पेन्सिलीने आकडा लिहिला होता आणि वही फ्रिजवर ठेवून दिली होती. त्या वहीत तिने अल्कोहोलचा आलेख काढला होता. गेल्या जुलैत सहा पूर्णांक आठ टक्के. दर पाच-सहा खेपांना माल्ट अर्धा पौंड कमी. आता साडेतीन टक्के. पुढच्या दसऱ्यापर्यंत दीड, आणि मग एके शनिवारी नुसतं कडू, सुगंधी पाणी. पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर झटके येतात, माणूस दगावू शकतो, हे तिने वाचलं होतं. म्हणून हा उतार. इतका हलका, की उतरणाऱ्याला उतरतोय हे कळूच नये.

माल्ट कमी झालं की जिभेवरचं वजन जातं. ते भरून काढायला ती एक पांढरी पूड घालायची, जी यीस्टला पचत नाही. तरी पोकळी राहायचीच, ती हॉप्सनी बुजवायची. सुरुवातीला तिने साठचे हॉप्स वाढवले, तर बिअर कारल्याच्या रसासारखी झाली. मग हळूहळू ती शून्याकडे सरकली. कॅस्केड नावाच्या हॉप्सना संत्र्याच्या सालीचा वास येतो, चिनूकला राळेचा. पाकीट फोडून हिरव्या गोळ्या तळहातावर चुरडताना तिला कधी कधी विसर पडायचा की हे कशासाठी चाललंय. किचनमध्ये वाफ भरलेली असायची, बाहेर बर्फ, आणि हातांना नागपूरच्या हिवाळ्यातल्या दुपारीसारखा वास. तिने आयुष्यात बिअरचा घोट घेतला नव्हता. चव बघायची ती जिभेवर थेंब घेऊन, सिंकमध्ये थुंकून, तीनदा चूळ भरून.

तिची आई कमला शाळेत शिक्षिका होती. प्रणिता आठ वर्षांची असताना तिला डांग्या खोकला झाला, तेव्हा आईने केमिस्टकडून आणलेलं औषध दिव्याखाली धरून लेबल वाचलं आणि तशीच उठून परत करायला गेली. त्यात अल्कोहोल होतं, किती टक्के ते बारीक अक्षरांत छापलं होतं. केमिस्ट म्हणाला, बाई, औषध आहे हे. आई म्हणाली, असू द्या, आमच्या घरात पाचवं शील पाळतात. प्रणिता आणखी तीन आठवडे खोकली. टक्के वाचायला तिला आईने शिकवलं ते असं, त्रैराशिकाच्या आधी. आणि आता नागपूरच्या इंदोऱ्याहून दर रविवारी फोन करून आई विचारायची की देवानंदराव बरे आहेत ना, आवाज जरा दमल्यासारखा येतो त्यांचा. प्रणिता म्हणायची, इथली थंडी. कुणाला सांगायचं? लोक आपल्याबद्दल काय बोलायला टपलेले असतात, हे तिला शाळेपासून माहीत होतं. पन्नास वर्षांपूर्वी आजी-आजोबांनी जे जे वस्तीच्या बाहेर नेऊन टाकलं, ते तिच्या अमेरिकेतल्या घराच्या तळघरात बुडबुडे सोडत होतं, आणि ती स्वतः दर शनिवारी ते ढवळत होती. मिशिगनमधली वीसेक बौद्ध कुटुंबं महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये जमायची. गेल्या जयंतीला पंचशील म्हणायला देवानंद पुढे उभा होता. पाचव्या शीलाला त्याचा आवाज जराही हलला नाही, खणखणीत लागला. अडखळली ती. शेजारी उभ्या असलेल्या सुवर्णाताईंनी तिच्याकडे वळून पाहिलं होतं.

कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं. तिने शोधलं होतं, ज्या चिकाटीने ती लॅबमधली चूक शोधायची तसं. मूल झालं नाही, पण ते दुःख तिचं जास्त होतं, त्याचं कमी. नोकरी बरी होती. एका कंपनीत तो गाड्यांच्या ब्रेकचे आवाज तपासायचा, कोणता किंचाळतो, कोणता घासतो, आणि त्याच्या कानाचं तिथे नाव होतं. वडील चांगले होते, बालपण गरिबीचं पण प्रेमाचं. त्याने तिच्यावर कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. संध्याकाळी तो भांडी घासायचा, मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि एकेक बाटली करत हळूहळू तिथून निघून जायचा. सहाव्या बाटलीला खुर्चीत कुणी नसायचं. पूर्वी ते व्हिस्कीने व्हायचं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एकाने त्याला बिअर करायचं सामान दिलं, तेव्हा त्यानेच शब्द दिला होता की आता घरी केलेली सोडून दुसरी नाही, आणि प्रणिताला केवढा आधार वाटला होता. निदान हातांना काम राहील. पहिल्या वर्षी तो खरंच रमला. साठला काय, पंधराला काय, संध्याकाळभर कागदावर मांडत बसायचा, तिला ओढून शेजारी बसवायचा, हुंगायला लावायचा. हॉप्सचं वेळापत्रक ती तिथेच शिकली. मग हात थरथरायला लागले. जूनमध्ये उकळतं पातेलं कलंडलं, मनगट भाजलं, आणि तिने पळी हातात घेतली ती कायमची. आता विचार करताना तिला कळत होतं की त्या दिवशी तिला दुःखाबरोबर आनंदही झाला होता. पातेलं आपल्या हाती आलं. आता बघू.

ती घरी पोचली तेव्हा त्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढून ठेवला होता, नेहमीसारखी तिच्या गाडीपुरती जागा करून. पातेलं घासून, पाणी भरून गॅसवर चढवलेलं होतं. टेबलावर तराजू, टायमर, पळी ओळीने मांडलेली. तो शनिवारची ही तयारी कधी चुकवत नसे. तिने कोट काढला. दोनच औंस मिळाले म्हणून सांगितलं. तो म्हणाला, अरेरे, आणि पाकीट हातात घेऊन उगीच उलटसुलट पाहत राहिला. पाणी तापलं, तिने माल्ट घातलं, ढवळलं. उकळी फुटली तेव्हा टायमर साठवर लावला आणि अर्धा औंस मोजून टाकला. फेस उसळून वर आला आणि खाली बसला. देवानंद टेबलाशी बसून आलं किसत होता, चहासाठी. दुपारचे दोन वाजले होते, अजून त्याने काही घेतलं नव्हतं, म्हणून किसणी हातात कापत होती आणि तो तिच्याकडे पाठ करून बसला होता. तिला वाटलं, काहीच बोलू नये. चहा प्यावा. बेसमेंटला कुलूप लावावं. साखर कुठे ठेवलीय ते शोधून फेकून द्यावी. मग तो पुढच्या मंगळवारी दुसरी आणेल. मग ती त्या दुकानात सांगून ठेवील. मग तो दुसऱ्या दुकानात जाईल. हे सगळं तिला एकापुढे एक मांडलेलं दिसलं, आणि टोकाला काहीच नव्हतं, तीच खुर्ची आणि तीच खिडकी. पंचेचाळीस मिनिटं ती पातेल्याशी उभी राहिली. चहा तिथेच ठेवल्या ठेवल्या गार झाला. टायमर वाजला, पंधरा. पाकीट तिच्या हातात होतं.

"डग विचारत होता, साखर पुरेल का म्हणून," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. किसणी सिंकमध्ये नेऊन ठेवली, नळ सोडला, बंद केला.

"पुरेल," तो म्हणाला.

कधीपासून, हे तिने विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. वही फ्रिजवरच तर असते. पहिल्यांदा तिने अर्धा पौंड माल्ट कमी केल्याचं त्याने वाचलं, तेव्हा त्याला नुसतं हसू आलं होतं. मग ती बिअर प्यायला आणि हसू गेलं. "तू अर्धा पौंड काढून राहिली होती, मी अर्धा पौंड टाकून राहिलो होतो," तो म्हणाला. बऱ्याच बाटल्या झाल्या की तो असं नागपूरचं बोलायचा. आज एकही झाली नव्हती. तिने विचारलं की मग मला सांगितलं का नाहीस, भांडला का नाहीस. तो सिंकच्या कडेला धरून उभा होता, कडेला धरलं की हात स्थिर राहत.

"तू किती खूश असायची, प्रणू. गुणगुणायची वही लिहिताना. तुला वाटून राहिलं होतं की मी बरा होऊन राहिलो. घरात तेवढी एकच गोष्ट चांगली चालली होती."

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. पातेलं उकळत होतं. तिने विचारलं, एकदाही टाकायचं थांबला नाहीस का. तो म्हणाला, थांबलो होतो, डिसेंबरात. एका बादलीत काही टाकलं नाही. बघू म्हटलं, ती एवढं करतेय तर. ती बादली त्याने पाच दिवस प्यायली होती, तिने केली तशीच, आणि पाचव्या दिवशी पुन्हा साखरवाली काढली होती. प्रणिताने मनात मागे जाऊन डिसेंबर शोधला आणि तो तिला सापडला. नाताळाच्या आधीचा आठवडा. देवानंदला फ्लू झाला होता. घामाने चादर भिजायची, दात वाजायचे, भिंतीवर काहीतरी हलतंय म्हणायचा. तिने त्याला मऊ भात दिला होता, तापाच्या गोळ्या दिल्या होत्या, कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी तो एकदम बरा झाला आणि उठून बसला, तेव्हा तिने आईला फोन करून सांगितलं होतं की ताप उतरला. तिच्या आठ महिन्यांत तो एकच आठवडा खरा होता, आणि तो तिने ताप समजून उतरवला होता.

तिने हातातले हॉप्स पातेल्यात टाकले. किती टाकले ते मोजलं नाही. डॉक्टरकडे जाऊ या, ती म्हणाली, दवाखान्यात ठेवून करतात, औषधं देऊन, त्रास होत नाही. हे तिने आधीही तीनदा म्हटलं होतं, आणि तो दोनदा आलाही होता. एकदा नऊ दिवस टिकलं होतं, एकदा एकवीस. तो हो म्हणाला. तिला ते हो ओळखीचं होतं, पाहुण्याला निघताना म्हणतात तसं, या परत. मग ती म्हणाली की मी हे सगळंच बंद केलं तर, आजपासून. तो म्हणाला, तर बाहेरून आणीन. त्यात धमकी नव्हती. उद्या बर्फ पडणार आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं, आणि तिला पटलं.

मग तो खुर्चीत बसला आणि जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, म्हणाला की एक गोष्ट आहे, बेसमेंटच्या पायऱ्यांची भीती वाटते आता. साखर पाण्यात विरघळवून, तो गरम पाक घेऊन खाली उतरावं लागतं. एका हातात कठडा धरला तर भांडं हिंदकळतं. मंगळवारी बसून उतरलो. तिला समजलं नाही. बसून म्हणजे? त्याने हाताने दाखवलं. एकेका पायरीवर बसायचं, भांडं मांडीवर घ्यायचं, मग खालच्या पायरीवर सरकायचं. तेरा पायऱ्या आहेत. प्रणिताने ते पाहिलं, जसं काही ती मंगळवारी चार वाजता तिथे उभी होती. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसचा शर्ट, मांडीवर वाफाळतं भांडं, पायरी-पायरीने खाली सरकणारा. भाजला असता. पडला असता, डोकं फुटलं असतं, आणि ती साडेसहाला आली असती.

टायमरवर नऊ मिनिटं उरली होती. साखर कुठे आहे, तिने विचारलं. इंडियाच्या बॅगेत, तो म्हणाला, फर्नेसमागे. ती खाली, घर तापवणाऱ्या त्या भट्टीमागे गेली. मोठ्या सुटकेसवर मागच्या ट्रिपचा एअरलाइनचा पट्टा तसाच होता. चेन उघडली. पिशवीचं तोंड त्याने नीट दुमडून, कपडे वाळत घालायचा चिमटा लावून बंद केलं होतं. शेजारी बादल्यांमधून बुडबुड्यांचा आवाज येत होता, एकीचा थांबला की दुसरीचा. तिने पिशवी छातीशी धरली आणि वर आली. पायऱ्या मोजल्या नाहीत, तरी त्या तेराच भरल्या.

तो उठून उभा राहिला होता. पिशवी पाहून त्याने पटकन दुसरीकडे पाहिलं, जसं कुणाला कपडे बदलताना पाहिल्यावर बघतात. तिने तराजूवर एक रिकामी पातेली ठेवली, काटा शून्यावर आणला.

"किती?"

त्याला वाटलं असावं की ती चिडून विचारतेय. तिने पुन्हा विचारलं, लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारतात तसं.

"तीन," तो म्हणाला. "तीन पौंड. आता तू साडेचार पौंड माल्टवर आलीस ना, म्हणून."

ती वाटीने साखर घालू लागली. तो जवळ आला, तिच्या खांद्यामागे उभा राहिला, आणि दोघं काट्याकडे बघत राहिले. एक. दीड. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. तिच्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत ते दोघं इतक्या जवळ, एकाच गोष्टीकडे बघत उभे राहिले नव्हते. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता आणि त्याला फक्त आल्याचा वास होता. दोन. अडीच. तीनला काटा थरथरून स्थिर झाला आणि तिने वाटी खाली ठेवली.

"थोडी अजून," तो म्हणाला, भाजीत मीठ कमी पडल्यावर सांगतात तशा आवाजात.

तिने अजून थोडी घातली.